खुडूक कोंबडी

“खुडूक झालीया ती. महिनाभर अंडं न्हाय द्यायची,” कोंबडीवालीनं गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. ते निघून गेलं.

“मावशी, खरं कशाला बोलता? गप इकायची की!” शेजारचा लसूणवाला हसला.

सोलापूरच्या बाजारात मी दर आठवड्याला तिच्याकडून गावरान अंडी घेते, तीही न बोलता, नुसती बोटं दाखवून. ती प्रत्येक अंडं उन्हात धरून बघते, मगच देते. आज अंडी नव्हती. मानमोडीच्या रोगानं तिच्या बाकीच्या सगळ्या कोंबड्या गेल्या, कोंबडाही गेला. उरलेली ही एकटी रिकाम्या पाटीत पिसं फुलवून बसली होती.

“उबवायला लई गुणी हाय,” ती मला म्हणाली. “माझ्या कोंबड्यांची थोडी अंडी जरी ऱ्हायली असती, तर हिला इकली नसती.”

मागच्या आठवड्यातली चार माझ्या घरी होती. मी चार बोटं वर केली आणि घराच्या दिशेनं हात दाखवला. तिला लगेच कळलं. तिनं पाटी स्वतःकडे ओढली.

“माझीच? गार न्हाय न्हवं पडली, बाळ? गार पडली की आतला जीव जातोय.”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

“फ्रिजमध्ये आहेत,” मी म्हणाले.