नुसती चूळ

आयर्लंडमध्ये लेकीकडे राहायला गेले होते, तेव्हा दुपारचा चहा मी बहुतेकदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडेच घ्यायची. एकदा त्यांच्या खिडकीबाहेर पळायला निघालेली एक मुलगी थांबली, बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली आणि पुन्हा पळू लागली. बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. फोटोत त्यांचे आजोबा होते. हाडकुळे, छातीवर क्रमांक लावलेले. शंभरेक वर्षांपूर्वी लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्यांचं मोठं नाव होतं.

“शर्यतीत त्यांना पाणी पिऊ देत नसत,” बाई म्हणाल्या. “पाण्यानं पाय जड होतात म्हणे. फार तर चूळ भरायची आणि थुंकून टाकायची.”

मला रागच आला. कुणीतरी ठासून सांगतं आणि जीव कासावीस झालेला माणूस ते खरं मानतो. पुढे ते खोटं ठरलं तरी शरीर सोडत नाही. चारचौघांत भूक लागली म्हणायचं नाही, असं लहानपणी मलाही शिकवलं होतं.

“शेवटच्या दुखण्यात आजोबांच्या अंगात ताप होता,” बाई हळूच म्हणाल्या. “आई पाणी पाजायची. ते तोंडात घोळवून थुंकून टाकायचे. ‘बाबा, गिळा ना,’ म्हणून ती रडायची. ते म्हणायचे, ‘थोडंच राहिलंय आता.’”

बाहेरचा रस्ता रिकामा झाला होता. बाईंनी बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी म्हणाले, “नको, आत्ताच खाऊन आले.”