साहेबाला फासलेला चिखल

चौकातली पोरं म्हणतात, देशाला दांडेवाला माणूस पाहिजे. सगळे गुमान चालले की झालीच महासत्ता. म्हणा बापा. तुमचं काय जाते.

आणीबाणीचा दुसरा पावसाळा होता. लाखांदूरकडे आमच्या धानाच्या चार बांध्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पोर नव्हतं. एक पोटातच गेलं होतं. बायको नवस बोलून बसली होती.

आमच्याकडे धान रोवण्याच्या शेवटल्या दिवशी बाया बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभ्या असलेल्या मालकाला चिखल फासतात. माणूस जेवढा मोठा, तेवढा चिखल जास्त. तो हसतो आणि सगळ्यांना जेवू घालतो. ज्याला कोणी फासत नाही, त्याला गावात मान नाही.

त्या वर्षी त्याच दिवशी जीपमधून तालुक्याचा साहेब आला. सोबत सरपंच आणि दोन शिपाई. धुऱ्यावर उभा राहून त्यानं भाषणच सुरू केलं.

"देश मोठा कशानं होतो? हुकूम एकाचा, बाकीच्यांची तोंडं बंद. बघा, उद्या सगळं जग आपल्याला घाबरेल."

एक म्हातारी ओणव्यानंच बोलली, "जग भेलं त मंग दाळ देईन का जी?"

बाया खिदळल्या. माझी बायको सगळ्यांत जास्त. तिला वाटलं, एवढा मोठा माणूस बांधीवर आला, कोरडा गेला तर गावाची शोभा जाईल. "मान घ्या जी साहेब," म्हणत तिनं दोन्ही हातांनी त्याच्या गालाला आणि पांढऱ्या सदऱ्याला चिखल फासला.

आमची रीत काय आहे ते सरपंचाला ठाऊक होतं. तो आपल्या चपलांकडे पाहत राहिला.

साहेबानं रुमालानं तोंड पुसलं. "हिचा नवरा कोणता?"

"मीच जी."

"पोरं किती?"

"अजून नाही जी."

"दोन आहेत," साहेब सरपंचाकडे वळून म्हणाला. "नाही का?"

"हो जी. दोन आहेत." माझ्या लग्नात जेवलेला माणूस हा.

मला जीपमध्ये कोंबलं. बायको मागं धावली. "मले मारा साहेब, त्यायले नेऊ नका!" शिपाई हसला, "रडते कायले? चार दिवसांत नांगर धरन तो."

तालुक्याच्या शाळेत, पोरांच्या बाकावर, दोन पोरांचा बाप म्हणून माझी नसबंदी केली. हातात तुपाचा डबा दिला. मग मैदानात साहेबाचा सत्कार झाला. आम्हा कापलेल्यांना समोर टाळ्या वाजवायला बसवलं. टाके ओले होते. मी वाजवल्या.

आणीबाणी उठली. माझं जे झालं ते उठलं नाही.

पुढं चार-पाच वर्षांनी सासू आली. "जवाई, पोरीची कूस काहून वाया घालवता? तिचा दुसरा पाट लावून देतो."

मी बायकोला म्हणालो, "जा."

"अन् तुमाले भाकर कोन टाकन? तो साहेब?" ती म्हणाली, आणि आईला एसटीत बसवून आली. त्यानंतर तिनं कोणाचं लेकरू कधी मांडीवर घेतलं नाही.

गेल्या माघात ती गेली. शेवटी शेवटी तिला भ्रम झाला होता. दारात पाय वाजला की विचारायची, "पोरगा आला का?"

"येऊन राहिला," मी म्हणायचो.

मग त्याच्यासाठी भात झाकून ठेवायला लावायची. मी ठेवायचो. सकाळी कुत्र्याला घालायचो.