पश्चिमेची जाळी

गेल्या मार्चमध्ये जळगावचे आमचे वास्तुकलेचे विद्यार्थी जैसलमेरच्या हवेल्या पाहायला गेले. मी त्यांचा शिक्षक. बसच्या ड्रायव्हरना सगळे भाऊ म्हणत. नाव कुणी विचारलं नाही.

जळगावजवळच्या पिंप्राळ्यात भाऊंचं घर बांधायला काढलं होतं. पश्चिमेच्या भिंतीत बायकोला रस्ता दिसेल अशी मोठी खिडकी हवी होती. भाऊंना ऊन आत नको होतं. सोमवारी ती भिंत उभी राहणार होती. म्हणून वाटेत गाडी थांबली की भाऊ उलटा हात भिंतींना लावून त्या किती तापल्या ते बघत.

हवेलीत त्यांनी दगडी जाळीला डोळा लावला आणि ओरडलेच. लगेच बायकोला अहिराणीत फोन, तोही स्पीकरवर.

"बठ्ठा रस्ता दिखस, पन ऊन घरमा येत नही!"

"तो राजाना महाल शे, आपलं पिंप्राळानं घर शे. दगड कोन कोरी?"

मुलं खो खो हसली. मग पायऱ्यांवरच बसून, एकमेकांची पेन्सिल ओढत त्यांनी साध्या विटांमध्ये फटी सोडलेली जाळी काढली. भाऊंनी तिचा फोटो घरी पाठवला.

परवा त्यांच्याकडून एक फोटो आला. पश्चिमेच्या भिंतीत विटांची जाळी आहे. तिच्याजवळ खुर्ची टाकून त्यांची बायको रस्ता बघते आहे.