नाल्यापलीकडची लस

हे मी कोणाला सांगायचं नाही, असं आईने बजावलं आहे. "माही नोकरी गेली ना, तर तुले जन्मभर शकूरभाऊची जीप धुवायले लावीन," अशी धमकीही दिली आहे.

पण सांगू नको म्हटलेले किस्से मोहफुलांसारखे असतात. आवाज न करता पडत राहतात आणि एका सकाळी पाहावं, तर झाडाखाली पाय ठेवायला जागा नाही! बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

आई एटापल्लीकडच्या जंगलात एका उपकेंद्रावर नर्स आहे. कोरोनात शाळा बंद होती, म्हणून ती मला गावोगावी सोबत न्यायची. जीप चालवायला चामोर्शीचे शकूरभाऊ. मी मागच्या सीटवर, लसीच्या निळ्या पेटीला धरून. मी गप्प बसायचे, त्यामुळे मी आहे हे सगळे विसरायचे.

नाल्यापलीकडचं एक गाव लस घेतच नव्हतं. साहेबांचा निरोप आला होता, "घेत नसतील तर साठा परत करा, शहरात रांगा लागल्यात." शिवाय नाला भरला की त्या गावाची वाट पावसाळाभर बंद. आईने जिचं बाळंतपण केलं होतं, ती तिथली बाई आदल्या लाटेत गेली होती. आई त्यावर बोलत नसे. नुसतं म्हणायची, "त्या गावाले टोचल्याबिगर पेटी परत जानार नाई."

*

लसीचं बुकिंग मोबाइलवर होतं. आमच्याकडे रेंज नाही, त्यामुळे आमच्या केंद्रावर जागा रिकाम्या दिसायच्या. मग नागपूरहून गाड्या भरून माणसं यायला लागली! टोचून घ्यायची, झाडाखाली अर्धा तास बसायची आणि निघून जायची.

एक मॅडम आईला म्हणाल्या, "किती शांत आहे हो इथे! अजिबात गर्दी नाही!"

शकूरभाऊ म्हणाले, "गर्दी होती मॅडम. तिचं बुकिंग नाई झालं."

*

एकदा मोठ्या साहेबांची व्हिडिओ मीटिंग होती. रेंज फक्त शेतातल्या मचाणावर यायची, म्हणून आई साडी खोचून वर चढली.

साहेब म्हणाले, "सिस्टर, तुम्ही झाडावर काय करताय?"

"सर, तुमी इथीच दिसता."

मग साहेबांनी भाषण सुरू केलं. जगावर संकट आलं आहे, लस शेवटच्या माणसापर्यंत गेली पाहिजे, कारण समानता म्हणजे... आणि स्क्रीन काळी.

त्यानंतर चिखलात जीप रुतली की शकूरभाऊ हमखास विचारायचे, "बाई, समानता म्हंजे काय म्हनले होते साहेब?"

"मालूम नाई भाऊ. तिथीच रेंज गेली."

*

पलीकडच्या गावाला जीपचा आवाज ओळखू यायचा. आम्ही पोहोचेपर्यंत सगळे जंगलात! मागे उरायच्या कोंबड्या आणि एक म्हातारी आजी.

आईने तिच्याजवळ बसून सुई काढली. आजी म्हणाली, "जे पळाले त्याईले नाई, आन मले पळता येत नाई म्हनून मलेच?"

आईने सुई परत ठेवली. म्हणाली, "खरं हाय आजी. सगळ्याईसोबत घ्या."

*

मग जीप अलीकडेच उभी करून पायी जायचं ठरलं. नाल्यात कमरेएवढं पाणी. पेटी शकूरभाऊंच्या डोक्यावर.

"बाई, मले पोहता येत नाई."

"पेटी सांभाळा भाऊ!"

"पेटी सांभाळतो. मले कोन सांभाळते?"

"पेटी मले मोजून देल्ली हाय. तुमाले नाई!"

*

त्या दिवशी आवाजच न आल्याने गाव सापडलं. गावाचा पुजारी, ज्याला तिथे पेरमा म्हणतात, पुढे आला. "आमी भेलो नाई बाई. पन नवी वस्तू आधी देवाले. नवा आंबाबी आमी पंडुमची पूजा केल्याबिगर तोंडात घालत नाई. देवाले न देता आमी कसं घ्याचं?"

आई विचारात पडली. कधीकधी बाटलीतून ठरल्यापेक्षा एक डोस जास्त निघतो. पण देवाला पहिला द्यायचा, आणि जास्तीचा निघाला की नाही ते कळणार शेवटी!

शकूरभाऊ कुजबुजले, "आन शेवटी कमी पडला तर?"

"तर आज तुमचा नंबर नाई." ते कंत्राटी, त्यामुळे त्यांची लस तोवर राहिलेलीच होती. ते पेटीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "द्या देवाले."

आईने सुई भरली. "कोनत्या हाताले देऊ?"

पेरमा म्हणाला, "डाव्या बाजूनं द्या. उजव्यानं तो आशीर्वाद देते."

आईने मोहाखालच्या देवाच्या दगडाच्या डावीकडे मातीत सुई दिली. मग सवयीने बोलून गेली, "आता अर्धा तास बसा."

सगळं गाव बसलं! आजीने मध्ये दोनदा दगडाला हात लावून ताप पाहिला. नव्हता. मग पेरमाने दंड पुढे केला, त्याच्यामागे आजी, आणि तिच्यामागे गाव. शेवटच्या बाटलीतून जास्तीचा डोस निघाला. शकूरभाऊंनी डोळे गच्च मिटून तो घेतला.

पावसाळा सरल्यावर दुसऱ्या डोसला गेलो, तर गाव आधीच रांगेत. आईने पहिला हात धरला तोच पेरमा आडवा आला.

"थांबा बाई! आधी देवाचा दुसरा डोस. एकावर काम होत नाई म्हनून तुमीच सांगतलं."

आईने शकूरभाऊंकडे पाहिलं. शकूरभाऊंनी आभाळाकडे.

आणि महिन्याभराने तोच पेरमा उपकेंद्रावर आला. आईसमोर बसून म्हणाला, "बाई, सगळ्याईचं सर्टिफिकेट आलं. देवाचं काऊन नाई आलं?"

आईने पेन खाली ठेवलं, शकूरभाऊंना हाक मारली आणि त्याला म्हणाली...

"मोने! काय लिहून राह्यली तिथी? दाखव बरं इकडे!"

आले आई! काही नाही, शाळेचा अभ्यास. तर आई त्याला म्हणाली, की देवाचं सर्टिफिकेट...