पोर्चचं बटन

आमचं घर अमरावती आणि अकोल्याच्या मधोमध, मूर्तिजापूरला, हमरस्त्यापासून दोन वळणं आत. एवढ्या एका कारणावरून माझ्या नवऱ्याने घराचं पोर्च परक्या लोकांना देऊन टाकलं, आणि मला सांगितलं ते दिल्यावर.

त्याने इलेक्ट्रिक गाडी घेतली तेव्हा या रस्त्यावर चार्जिंगची सोय येणार येणार असं सगळे म्हणत होते. एका ढाब्यासमोर मशीन आलंही. पण कधी ते बंद, कधी त्याचं अ‍ॅप बंद, आणि दोन्ही चालू असतील तेव्हा पुढ्यात ट्रक उभा. दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांची मिळून बैठक झाली म्हणे, आणि मधल्या पट्ट्याचं काम कोणी पाहायचं याच्यावर अडली. मला त्यातलं काही कळलं नाही. नवरा ज्या घाईने विषय बदलायचा त्यावरून त्यालाही कळलं नसावं. शेवटी दोन्हीकडच्या गाडीवाल्यांनीच ग्रुप केला. ज्याच्या घरी जाड वायरीचा प्लग असेल त्याने तो नकाशावर टाकायचा. बडनेऱ्याचं घर, आमचं, बोरगावचं, अकोटचं, मेळघाटात जाणाऱ्यांसाठी धारणीतलं एक. विजेचे पैसे घ्यायचे नाहीत. ग्रुपवर फक्त गाव आणि गाडीचा नंबर द्यायचा, आडनाव नाही. आडनाव का नाही, असं मी विचारलं तर नवरा म्हणाला, "सेफ्टी असते." मला ते पटलं नाही.

नवरा सकाळीच गाडी घेऊन अकोल्याला नोकरीवर जातो. म्हणजे पाहुणे माझ्या आणि मामाजींच्या वाट्याला. मामाजी म्हणजे माझे सासरे. मी शिकवते ती शाळा सकाळची, त्यामुळे दुपारी घरी मी असतेच. पोळ्या टाकायच्या की गेट उघडायचं, असे माझे हाल.

मामाजींची मात्र चंगळ झाली. घरच्या प्लगवर गाडीला दोन-तीन तास लागतात, आणि तेवढा वेळ त्यांना पुरून उरायचा. पहिला प्रश्न, "कोन्या गावचे?" दुसरा, "कोणाकडले?" चहा येईपर्यंत तो माणूस आमचा कोणीतरी लागत असे. कोणी आतेसासूच्या जावेच्या माहेरचा, कोणी साडूच्या भाच्याचा चुलता. मला निम्मी नाती कळतच नसत. अकोटचा एक मुसलमान इंजिनिअर आला, त्याच्याशी नातं कसं काढणार म्हणून मी कान देऊन ऐकत होते. त्याचे आजोबा आणि मामाजींचे वडील एकाच जिनिंगवर कापूस आणत, असं निघालं. "मंग भाऊच झाला का नाही?" मामाजी म्हणाले. सासूबाई गेल्यापासून घुम्यासारखे बसणारे हे गृहस्थ आता रोज दाढी करून पोर्चमध्ये येऊन बसत. जाणाऱ्याला नात्याने हाक मारून निरोप देत. मी कुरकुर करत असे, पण मनातून मला फार बरं वाटत होतं.

आणि मग त्या बाई आल्या.

एप्रिलचं ऊन होतं. अकोल्याची गाडी, चालवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, एकट्या. कुठल्याशा शाळेत मुख्याध्यापक होत्या. मुलगी अमरावतीला, पहिलं बाळंतपण, पहाटेच दवाखान्यात नेलेली. रात्रभर यांच्या भागात लाईन नव्हती, म्हणून गाडी अर्धवट भरलेली. मागच्या सीटवर सगळं बाळंतपणाचं सामान. "अमरावती गाठण्यापुरती भरली की निघते," त्या म्हणाल्या. मी प्लग लावला, माठातलं पाणी दिलं. मामाजी वाटच पाहत होते.

"कोन्या गावच्या?"

"माहेर दर्यापूरकडलं," म्हणत त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

मामाजी खुर्चीत पुढे सरकले. "ते तं माह्या आत्याचं गाव. उन्हाळाभर तिथंच राहो मी. पाराजवळच घर होतं. तुमी कोणाकडल्या?"

बाईंनी ग्लास खाली ठेवला आणि आडनाव सांगितलं. तेवढ्याने भागलं नसेल असं वाटलं की काय, पुढे म्हणाल्या, "आमी बौद्ध आहो, बाबाजी. तुमच्या आत्याच्या घरामागून नाल्याकडे उतार होता ना, त्याच्या खाली आमची वस्ती. आमची विहीर अलग होती."

"व्हय," मामाजी म्हणाले. "पाह्यली हाये."

मग गेटकडे पाहत ते उठले आणि आत गेले. मी आपली मुलीची चौकशी करू लागले. कोणता दवाखाना, कितवा महिना चालू होता, असलं काहीतरी. नववा संपलेला असताना मी महिना विचारला.

तेवढ्यात पोर्चमधला पंखा थांबला. चार्जरचा हिरवा दिवा गेला. शेजारच्यांचा कूलर घरघरतच होता.

बाईंनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग शेजारच्या भिंतीकडे, मग माझ्याकडे. उठल्या आणि वायर गुंडाळायला लागल्या. "झाली तेवढी पुरे," त्या शांतपणे म्हणाल्या, "पुढं पाहते कुठं." पुढे ढाब्यासमोरचं मशीन चालू नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. मुलगी तिकडे कळा देत असताना ही बाई रस्त्यात कुठेतरी बंद गाडीत बसून राहील, आणि ते आमच्या घरामुळे, एवढंच मला दिसत होतं. "थांबा, काहीतरी उडालं असेल," म्हणत मी आत पळाले.

मामाजी बोर्डापुढे उभे होते. हात बटनांवर.

"मामाजी, काय करून राहिले तुमी?"

"व्होल्टेज कमी हाये," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "बाईले लवकर जाचं हाये. माह्या खोलीतला एसी बंद करत होतो. ते दबलं." त्यांनी पोर्चचं बटन वर केलं. मग एसी बंद केला, फ्रिज बंद केला, सगळे पंखे बंद केले.

मला केवढं हायसं वाटलं. बाहेर जाऊन मी दोनदा सांगितलं, चुकून झालं, चुकून झालं. दुसऱ्यांदा सांगताना मात्र मला आठवलं की तो बोर्ड मामाजींनी स्वतः समोर उभं राहून बसवून घेतला आहे. लाईन गेली तरी अंधारात टॉर्चशिवाय नेमकं बटन त्यांच्या हाताला लागतं. मी अजून भलतंच दाबते आणि ते माझी थट्टा करतात.

ते बाहेर येऊन बसले. पंख्याशिवाय, घामाने निथळत, गाडी पुरेशी भरेपर्यंत बसून राहिले. नातं काढलं नाही. बाई मोबाईल पाहत होत्या. निघताना म्हणाल्या, "येते, बाबाजी." मामाजींचे ओठ हलले. प्रत्येकासाठी त्यांच्याकडे एक शब्द असायचा. "सांभाळून जा," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी ग्रुपवर आलं, नात झाली, दोघी ठीक. नवऱ्याने मोठ्याने वाचलं. मामाजींनी विचारलं, "चार्जिंग पुरली का तिले?"

त्यानंतर बाईंच्या मुलीकडे फेऱ्या होऊ लागल्या. कुठे थांबणार ते ग्रुपवर टाकायची पद्धत आहे. त्यांचं येई, "अकोला ते अमरावती, थांबा बडनेरा." कधी, "थांबा बोरगाव." आमच्या वळणावरून त्यांची गाडी सरळ जायची. मामाजी विचारत, "अकोल्याची बाई नाही आली?" मी म्हणे, नाही. त्यांना लिहावं असं कितीदा वाटलं. पण काय लिहायचं? मी खोटंही लिहायला तयार होते. खोटं कोणतं तेच कळत नव्हतं. सासऱ्यांना दोष द्यावा तर ते पंख्याविना घामात बसलेले आठवत. त्यांची बाजू घ्यावी तर तो बोर्ड दिसे. चिडायचं कोणावर हेही ठरेना, म्हणून मी नवऱ्यावर चिडत असे.

मागच्या महिन्यात शाळेतून आले तर बोर्डावर लाल रंग दिसला. एकाच बटनाखाली, थरथरत्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पोर्च. बाकीची कोरीच. मामाजी फडक्याने ब्रश पुसत होते.

"हे कोणासाठी?" मी म्हटलं. "तुमाले तं डोळे मिटून समजते."

"म्हणूनच."

मी पर्स खाली ठेवली. इतके दिवस गिळलेला प्रश्न विचारून टाकला. "त्या दिवशी चुकून बंद झालं होतं ना?"

त्यांनी ब्रश बाजूला ठेवला. "एसी बंद कराले उठलो, हे खरं हाये. मंग हात तिकडं कसा गेला, ते मले नाही समजत. लय इचार केला. चुकला म्हणाव तं तो चुकत नाही. अन् मुद्दाम केलं म्हणाव तं मनात तसं काही नव्हतं. मले वाटते नव्हतं." मग म्हणाले, "तिले कळव."

"काय कळवू?"

"हेच. जसं सांगतलं तसं."

"असं कोणी कळवते का, मामाजी? चुकून झालं, एवढंच लिहिते."

"चुकून नोको लिहू."

मी खुर्ची ओढून बसले आणि त्यांच्याच शब्दांत लिहिलं. लिहिताना मला वाटत होतं की हे वाचून त्या बाई कायमच्या तुटतील, आणि असंही वाटत होतं की हे एवढंच खरं आहे जे आमच्या घरातून त्यांच्याकडे जाऊ शकतं. दोन्हींपैकी काय, ते मला आजही सांगता येत नाही. मी सगळं मामाजींना वाचून दाखवलं. ते उभ्यानेच ऐकत होते.

"अजून एक लिही," ते म्हणाले. "त्या विहिरीपाशी मी रोज खेळो. पाणी कधी नाही प्यालो. तहान लागली तरी घरी धावत जाओ."

मी तेही लिहिलं.

"पाठव," मामाजी म्हणाले.