एकच बादली

सोडाबाईंना किळस म्हणून येत नाही, असं इस्पितळाच्या अख्ख्या धुलाईखान्यात म्हटलं जाई, आणि ते साफ खोटं होतं. एकतीस वर्षं त्यांना रोज किळस आली. रक्ताच्या चादरी, पू लागलेले अभ्रे, उलटी वाळून कडक झालेले पायजमे, एकूण एक गोष्टीची आली. पण हाताखालच्या बायकांसमोर त्यांनी कधी नाक मुरडलं नाही, की तोंडातून 'शी' काढली नाही. मुकादमीणच नाक धरून उभी राहिली तर बाकीच्यांनी काय करायचं? घरी गेल्यावर मात्र त्या अर्धा अर्धा तास हात घासत बसत.

धुलाईखान्यात त्यांचा कायदा एकच. संसर्गाच्या कपड्यांची बादली वेगळी, लाल पट्ट्याची, कडक सोड्याची. कुणी चुकलं तर त्या आवाज न चढवता विचारत, "बादली एकच होती का?" विचारलेली बाई मान खाली घालून उभी राही. पुढे काही बोलावं लागत नसे.

निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले एकदाची घाणीतून. पण घरात नवरा होता. बसचे जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत, आणि गच्चीवर त्यांच्या अकरा कुंड्या. त्यातलं लिंबाचं झाड म्हणजे साहेबांचा जीव की प्राण. पिंपात लावलेलं, नऊ वर्षांचं, आणि इतकी वर्षं नुसता पाला मिरवून यंदा पहिल्यांदाच लगडलेलं. त्याच झाडाला आधाराची काठी बांधताना साहेब स्टुलावरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. हाडात सळई घातली. दोन महिने जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

"लिंबाकडे बघशील ना?" खाटेवरून साहेबांनी विचारलं.

"बघते की. त्यात काय एवढं," बाई म्हणाल्या. आयुष्यात कुंडीला हात न लावलेलं माणूस असंच बोलतं.

आठवड्याभरात पानं चिकट झाली. घाम पुसताना हात ओठाला लागला, तर चव गोड. सोडाबाईंना त्याचं कोण कौतुक! मुलीला फोन करून सांगितलं, आमच्या लिंबाची पानंसुद्धा गोड आहेत. मग पानं काजळी धरल्यासारखी काळी पडली आणि देठांच्या बेचक्यांत पांढरे कापसाचे पुंजके दिसू लागले. एक पान घेऊन त्या रोपवाटिकेत गेल्या.

"पिठ्या ढेकूण," रोपवाटिकावाला म्हणाला. "अंगावर पीठ भुरभुरल्यासारखा दिसतो, म्हणून पिठ्या."

"आणि हे चिकट?"

"ती त्यांची शी. तिच्यावरच बुरशी चढते, म्हणून पानं काळी."

बाईंनी हातातलं पान तिथेच टाकलं. घरी येऊन चार वेळा चुळा भरल्या, जीभ ब्रशनं घासली, तरी त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी झाडाला धुलाईखाना दाखवला. दोन दोन हातमोजे, तोंडाला फडकं, बादलीत साबणाचं पाणी आणि जुन्या चादरीचा तुकडा. पान न् पान पुसायचं. फडक्याखाली एखादा किडा चिरडला की नारिंगी रस निघे आणि बाई फडकं पुन्हा बादलीत बुचकळत. मुंग्यांची रांग खोडावरून वर जाई, त्या ढेकणांच्या ढुंगणाशी तोंड लावून गोड पिई आणि तृप्त होऊन खाली येई. असली निर्लज्ज खानावळ बाईंनी जन्मात पाहिली नव्हती. लिंबू पुसून झालं की हात लागलाच आहे म्हणून गुलाब, मग मिरची, मग वांगी, टोमॅटो. कुणी राहायला नको.

दहा दिवसांत अकराच्या अकरा कुंड्या पांढऱ्या झाल्या.

"लिंबू कसं आहे?" साहेब रोज संध्याकाळी विचारत.

"छान आहे." एवढ्यावर भागेना, म्हणून बाई एक लिंबू तोडून आणत, मोरीत सोडा लावून त्याची काजळी खरवडून काढत आणि मगच त्यांच्या हातावर ठेवत. साहेब ते नाकाशी धरत.

"याला मोरीचा वास येतोय गं."

"तुमच्या नाकालाच इस्पितळ चिकटलंय," बाई म्हणत, आणि त्यांना स्वतःचीच किळस येई. ढेकणांची येई त्याहून जास्त.

दोन महिने संपले. साहेब काठी टेकत, सतरा पायऱ्या मोजत गच्चीवर आले. बाई मागून येत होत्या. आदल्या रात्री खरं सांगायचं ठरवलं होतं, ते जमलं नव्हतं.

लिंबावर सात काळी फळं आणि मूठभर वाकडी पानं उरली होती. साहेब पालथ्या खोक्यावर बसले. लिंबू बघितलं, गुलाब बघितला, मिरची बघितली. मग कठड्याशी ठेवलेली बादली बघितली. तिच्या काठावर पांढरा कापूस वाळला होता आणि कडेला चादरीचा तुकडा घडी घालून ठेवला होता, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"बादली एकच होती का?" त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही.

बाईंची मान खाली गेली. एकतीस वर्षं हा प्रश्न बायकांना कसा लागत असेल, ते त्यांना आज कळलं.

"हो. आणि फडकंही एकच."

साहेबांनी खोड नखानं खरवडलं. साल निघाली, आत हिरवं होतं. "जगेल बहुतेक," ते म्हणाले. "फळं काढून टाक. तीन फांद्या कापू. बाकीचे ढेकूण हातानं वेचायचे, बेचक्यात फडकं पोचत नाही. मला वाकता येत नाही, तुलाच करावं लागेल."

बाईंनी हातमोजे चढवले. मोज्याचं जाड बोट बेचक्यात शिरेना. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, मोजे काढून ठेवले आणि नख आत घातलं. काहीतरी मऊ, कोमट फुटलं आणि नारिंगी रस नखाखाली गेला.

"शी," सोडाबाई म्हणाल्या, चांगल्या मोठ्यानं, आणि पुढचा ढेकूण शोधू लागल्या.