राग गेला, त्याची गोष्ट

माझ्या रागाला सगळं घर टरकून असायचं. पांढुर्ण्याच्या शाळेत मी उभा जन्म मास्तरकी केली. व्हरांड्यात माझी चप्पल वाजली की वर्ग चिडीचूप. घरी नवरा, मुलगी, भांडेवाली बाई, सगळे आधी माझं तोंड पाहायचे अन् मग बोलायचे. दूधवाल्यानं एकदा पाणचट दूध आणलं म्हणून मी त्याची अख्खी कॅन नालीत ओतली होती. गल्लीत ही गोष्ट अजून सांगतात, हसतात. मला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. राग आला की दोन दोन दिवस डोकं ठणकायचं, मग स्वतःचीच चीड यायची. निवृत्त झाल्यावर ठरवलं, बस झालं बाप्पा, आता हे सोडायचं.

बाजारात एका कापडाच्या दुकानाच्या वरती दर रविवारी सकाळी सत्संग चालायचा. बोलणारे गृहस्थ सिंचन खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना साहेब म्हणत. भगवे कपडे नाहीत, आरती नाही, साधा पांढरा शर्ट अन् हळू आवाज. ते म्हणायचे, "राग आला म्हणता, तो कोणाला आला? मला, असं म्हणाल. मग हा मी कुठं आहे, ते शोधा." मी शोधला. सापडला नाही. खोटं कशाला बोलू, पहिलं वर्षभर मला फार बरं वाटलं. झोप लागायला लागली. भांडेवालीनं काचेचा बाऊल फोडला तर मी नुसती पाहत राहिले, अन् ती बिचारी मी ओरडत नाही म्हणून जास्तच घाबरली.

साहेब आमच्याच भागातले, त्यामुळं त्यांचे दाखले संत्र्याचे. बहार धरायचा असला की बगीच्याचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पानं मलूल होतात, झाड कळवळतं, मग पाणी सोडलं की फुलानं लदबदतं. साहेब म्हणाले, "माणसाचंही तसंच. सारखं पाणी घालणं म्हणजे प्रेम नव्हे, तो मोह. थोडा ताण पडू द्या, माणूस आत वळेल." समोर निम्मे बगीचेवाले बसलेले, सगळ्यांच्या माना हलल्या. माझीही हलली. माझं तर माहेर-सासर दोन्ही संत्र्याच्या बगीच्यावर पोसलेलं.

त्याच दिवसांत मुलीचा फोन आला. आम्हाला ही एकच. नागपूरला दिलेली, तिथंच नोकरी. तिसऱ्या महिन्यात तिचा गर्भ गेला होता, त्याला आठ-दहा दिवस झाले होते. सासू येता-जाता म्हणायची, आमच्या घरात असं कधी कोणाचं झालं नाही. मी दुपारी तुरीची डाळ पाखडत होते. ती म्हणाली, "आई, मी थोडे दिवस घरी येऊ का? मले इथं राहवून नाई राहिलं."

आधीची मी असते तर सूप तिथंच टाकून नागपूरची बस धरली असती. त्या बाईची चांगली खरडपट्टी काढून लेकीला घेऊन आले असते. पण मी आता शांत झाले होते ना! मी म्हटलं, "जे दुखून राहिलं ते शरीर आहे बेटा. जे रडून राहिलं ते मन आहे. तू या दोघांले पाहणारी आहेस. पळून येऊ नको, बसून पाहा."  मी आणखी म्हटलं, "मी तुझ्यात अडकली नाई, म्हणूनच हे सांगून राहिली. खरं प्रेम असंच असते."  मग "बरं आई" म्हणून तिनं फोन ठेवला. मी डाळ पाखडून डब्यात भरली.

रविवारी मी हे सत्संगात सांगितलं. स्वतःहून हात वर करून सांगितलं. साहेबांनी डोळे मिटले अन् म्हणाले, "आई असून हे जमलं, ही मोठी गोष्ट आहे." बायांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मला इतकं गोड वाटलं की विचारू नका. लाज वाटते आता लिहायला, पण जे झालं ते झालं.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता थांबला. हा माणूस जन्मात माझ्यासमोर मोठ्यानं बोलला नाही. मी त्याला तोच संत्र्याचा दाखला दिला: ताण दिल्याशिवाय बहार येतो का? तो म्हणाला, "तुह्या त्या साहेबानं कधी बगीचा केला का? ताण देनाऱ्याले रोज झाडापाशी जा लागते. पान हातात घेऊन पाहा लागते, किती मलूल झालं म्हणून. एक हप्ता इकडचा तिकडं झाला का झाड उभ्यानं वाळते. तू गेली होती काय पोरीले पाहाले?" मी म्हटलं, तुमचा अहंकार दुखावला आहे. तो ताटावरून उठला अन् त्यानं सौसरला आपल्या बहिणीला फोन लावला.

माझी नणंद म्हणजे नुसता फटाका. पिठाची चक्की चालवते अन् चक्कीच्या वरताण तिचा आवाज. दुसऱ्या दिवशी ती नागपूरला पोचली अन् फाटकातूनच सुरू झाली, "आमची पोट्टी आम्ही टाकून नाई देली तुमच्याकडं!" अख्ख्या गल्लीनं ऐकलं म्हणे. पोरीची बॅग भरली अन् तिला सौसरला घेऊन आली. महिनाभर ठेवली. शेकलं, तेल लावलं, जेवली नाही की शिव्या दिल्या. पोरगीही तिच्यावर ओरडायची, दार आपटायची, मग दोघी एकाच ताटात जेवायच्या. हे सारं मला नवऱ्याकडून कळायचं. मी सत्संगात म्हटलं, "नणंदबाई अजून प्रतिक्रियेतच जगतात." पांढुर्ण्याहून सौसर किती लांब आहे? तासाभराची बस. मी त्या महिन्यात एकदाही गेले नाही.

पुढं पोरगी नागपूरला परत गेली. सासू जरा जपून वागायला लागली. दर रविवारी मला फोन यायचा: कशी आहेस, बाबा कसे आहेत, इकडं सगळं ठीक. रडणं नाही, कुरकुर नाही. मी मनात म्हणायचे, पाहा, आला की नाही बहार!

दोन वर्षांनी तिला पुन्हा दिवस गेले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, त्यात विचारण्यासारखं काहीच नसतं. सातवा लागला तशी मी कामाला लागले. मागच्या खोलीला चुना मारून घेतला, बाजेला नवी सुतळी, डिंक, खारका, मेथ्या. जुनी लुगडी धुऊन मऊ दुपटी शिवली. एका सकाळी नवरा चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "पोरगी सौसरले जाते म्हणते. आत्याकडं."

सासरी राहते म्हणाली असती तर मी गिळलं असतं. पण आत्याकडं! माझ्या अंगाची लाही लाही झाली. डिंकाच्या लाडवांचा डबा मी भिंतीवर फेकून मारला. तसाच साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून ते त्याच हळू आवाजात म्हणाले, "आता बघा ताई, हा राग कोणाला आला?"

"मले!" मी ओरडले. "मले आला! तुमचं मुस्काट फोडावं इतका आला!" अन् फोन कापला. त्यानंतर त्या जिन्याची पायरी मी चढले नाही.

मग पोरीला फोन लावला. मी भांडले, रडले, लोक काय म्हणतील तेही काढलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. किती शांत होती, काय सांगू. मग म्हणाली, "आई, तू रागावू नको. आत्यासंग मले भांडता येते, म्हणून चालली."

नात झाली. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर मी सौसरला गेले, नवे लाडू करून. पोरीनं मला बाजेजवळ बसवलं, बाळ मांडीवर दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, लाडू छान झाले म्हणाली. आलेल्या पाहुणीशी बोलावं तसं बोलली. नणंद मागं चक्कीवर होती. थोड्या वेळानं पोरगी उठायला गेली अन् टाक्यांना ताण बसून तिचा चेहरा पिळवटला. मी घाईनं विचारलं, "काय झालं? दुखून राहिलं का?"

"काही नाई, आई," ती हसून म्हणाली.

अन् मग तोंड मागच्या दाराकडं करून जोरात ओरडली, "आत्या! ओ आत्या! कुठं मेली तू? लय दुखून राहिलं ना!"

नणंद पिठाचे हात पुसत धावत आली. "वहिनी, सरका जराशा," म्हणाली.

मी सरकले.